सह्याद्रीत चालायला लागणारे शब्द : कसे शिकायचे, कसे वापरायचे

"पदरातून आडवं जा, दांडाला लागू नका."

भीमाशंकरच्या पायथ्याला असलेल्या खांडसच्या वरच्या बाजूला एका वाडीतल्या आजोबांनी आम्हाला इतकं स्वच्छ सांगितलं होतं. आम्ही चौघं, चौघंही मराठी शाळेत शिकलेले. त्या वाक्यात परका असा एकही शब्द नव्हता, तरी वाक्य कळलं नाही. पदर म्हणजे साडीचा आणि दांड म्हणजे कसलातरी दांडा, एवढंच ठाऊक होतं. आम्ही होकार भरला आणि समोर दिसणाऱ्या मळलेल्या वाटेने सरळ दांडालाच लागलो. एप्रिलचं ऊन, सावलीला एक झाड नाही. दोन तासांनी वाट कड्याला जाऊन भिडली आणि संपली. पाणी संपलं होतं, परत उतरावं लागलं. आजोबांनी सांगितलेला पदर, म्हणजे दोन कड्यांच्या मधला झाडीचा पट्टा, उतरताना उजव्या हाताला हिरवागार दिसत होता.

त्या दिवसापासून मी हे शब्द गोळा करतो आहे. सह्याद्रीत डोंगराच्या भागाला दिलेला शब्द तिथे तुमच्या पायांचं काय होणार हे आधीच सांगतो. नाळ म्हटलं की धोंडे आणि दगड पडण्याची भीती. दांड म्हटलं की चढ आणि ऊन. पदर म्हटलं की आडवी चाल, सावली आणि बहुतेक वेळा पाणी. शब्द कळला तर निम्मी वाट घरीच कळते. म्हणून हे शब्द अकारविल्हे यादी करून पाठ करू नका, खाली दिलेल्या क्रमाने शिका.

पहिली पायरी : कागदावर डोंगर कापा

एक कोरा कागद आडवा धरा. डाव्या हाताला कोकण, उजव्या हाताला देश. आता कोकणातून देशावर चढणारी रेघ काढा, पण उतरण काढू नका. जिना काढा. सह्याद्री हा लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला डोंगर आहे. हे थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. या खडकाला भूगोलाच्या पुस्तकात 'दख्खनचा ट्रॅप' म्हणतात. तो 'ट्रॅप' स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आला आहे. कठीण थर उभा तुटतो, मऊ थर झिजून मागे सरतो. उभ्या भागाला म्हणायचं कडा आणि दोन कड्यांमधल्या सपाट किंवा तिरक्या पट्टीला म्हणायचं पदर.

पदर हा शब्द आधी पक्का करा, कारण शहरातल्या माणसाच्या कानाला तो सर्वांत अनोळखी असतो. पदरात माती साचते, म्हणून तिथे झाडी असते. वरच्या कड्यातून झिरपलेलं पाणी तिथे येतं, म्हणून वाड्या आणि गुरांचे पाणवठे तिथे असतात. भीमाशंकरच्या खाली गणेश घाटाच्या वाटेवरून जो सुळक्यांचा किल्ला दिसतो, त्याचं नावच पदरगड. पदर कळला की त्या नावाचा अर्थ सांगावा लागत नाही.

जिन्याच्या सगळ्यात वर घाटमाथा लिहा. पायथ्याला पायथा लिहा. आता घाटमाथ्यावरून कोकणाकडे उतरत जाणारे दोन-तीन लांब फाटे काढा. त्यांना सोंड म्हणतात. हत्तीची सोंड जशी डोक्यापासून निघून निमुळती होत जमिनीला टेकते, तशीच ही. अरुंद आणि उभ्या सोंडेला बरेच जण दांड म्हणतात. धार म्हणजे जिच्या दोन्ही अंगांना उतार आहे अशी माथ्याची रेघ. हे तीन शब्द गावागावांत एकमेकांच्या जागी वापरले जातात, त्यावर वाद घालत बसू नका. तिघांतही एक गोष्ट समान आहे. तुम्ही उंचवट्यावर असता, दोन्हीकडचं दिसतं, वाट चुकण्याची शक्यता कमी आणि ऊन-वारा भरपूर.

दोन सोंडांच्या मध्ये जी खोलगट जागा राहते तिथे घळ किंवा नाळ लिहा. नाळ म्हणजे घाटमाथ्यापासून खाली उतरलेली उभी, अरुंद, धोंड्यांनी भरलेली घळ. दोन्हीकडे भिंतीसारखे कडे असतात, पावसाळ्यात तिच्यातून पाण्याचा लोंढा येतो आणि उन्हाळ्यात तेच धोंडे तुमच्या वाटेत असतात. नाळेत वाट हुडकावी लागत नाही, पण वरून चालणाऱ्याच्या पायाने सुटलेला दगड थेट खालच्या माणसाकडे येतो.

शेवटी वरच्या रेघेवर खिंड काढा, म्हणजे दोन उंचवट्यांमधली खाच, जिथून डोंगर ओलांडता येतो. इतिहासातल्या पावनखिंड आणि उंबरखिंड पुस्तकात वाचून हा शब्द सगळ्यांना येतो. १६६१ साली उंबरखिंडीत मोगली फौज का अडकली हे तिथल्या अरुंद वाटेत उभं राहिलं की चटकन कळतं. नाशिककडे खिंडीलाच बारी म्हणतात. कळसूबाईच्या पायथ्याचं गाव बारी आणि बागलाणातल्या डोंगररांगेचं नाव सेलबारी-डोलबारी. एकटा उभा राहिलेला खडक म्हणजे सुळका, जसा रायगडाजवळचा लिंगाणा. कड्याच्या पुढे आलेल्या अणकुचीदार भागाला टोक म्हणतात, रायगडचं टकमक टोक सगळ्यांना माहीत आहे. आणि धारेला आरपार पडलेलं भोक म्हणजे नेढं, सुईचं असतं तेच. राजगडाच्या सुवेळा माचीवर एक आहे, रतनगडाच्या माथ्यावर दुसरं.

चित्र झालं की एकदा नुसतं बघा. माथा, पायथा, सोंड, पदर, नेढं. ज्यांनी ही नावं दिली त्यांनी घरातल्या आणि अंगाच्या शब्दांनीच डोंगर ओळखला. त्यामुळे ते लक्षात ठेवायला जड जात नाहीत, फक्त एकदा जागा दिसावी लागते.

लगेच एक परीक्षा : एका गडाच्या चार वाटा

हरिश्चंद्रगड घ्या. पाचनईहून जाणारी वाट, खिरेश्वरहून टोलारखिंडीची वाट, बेलपाड्याहून साधले घाट आणि बेलपाड्याहूनच नळीची वाट. नकाशा न उघडता नावांवरून अंदाज बांधा.

टोलारखिंडीत 'खिंड' आहे. म्हणजे आधी डोंगराच्या खाचेपर्यंत चढ आणि मग तिथून धारेवर चढणं. प्रत्यक्षात तसंच आहे. खिंडीनंतर कातळाचा टप्पा लागतो, तिथे आता आधाराला कठडे आहेत, आणि मग पठारावरून बरीच लांब चाल. साधले घाटात 'घाट' आहे. घाट म्हणजे डांबरी वळणं हा अर्थ अलीकडचा. जुना अर्थ ज्या वाटेने माणसं आणि मालाचे बैल कोकणातून देशावर नियमित चढत, ती बांधलेली किंवा निदान राबती वाट. नाणेघाटात सातवाहनांच्या काळातलं लेणं, पाण्याची टाकी आणि दगडी रांजण आहे, कारण तो व्यापाराचा घाट होता. म्हणून घाट शब्द आला की साधारण समजावं, वाट चढणीची असली तरी चालण्याची आहे. साधारण हा शब्द मी मुद्दाम वापरतो. दरड कोसळून किंवा वापर थांबून कित्येक घाट आज मोडले आहेत. आणि 'नळीची वाट' म्हणजे कोकणकड्याच्या कुशीतून चढणारी धोंड्यांची नळी, मध्ये मध्ये कातळटप्पे. ती नवख्याची वाट नाही हे नावातच लिहिलेलं आहे. पाचनईच्या वाटेला असं कुठलंच विशेषण नाही, कारण ती रोजची आहे, आणि चौघींत तीच सोपी.

असाच खेळ भीमाशंकरच्या शिडी घाटाशी, लिंगाण्याजवळच्या बोराट्याच्या नाळेशी आणि आग्याच्या नाळेशी खेळा. आग्या म्हणजे आग्या मोहोळ. अशा नावाच्या जागी मोठ्याने ओरडायचं नाही, धूर करायचा नाही, अंगाला भडक वासाचं काही लावून जायचं नाही.

दुसरी पायरी : वाटेचे प्रकार आणि वाटेची क्रियापदं

वाट या एका शब्दापुढे लागणारी विशेषणं शिकलात तर गावकऱ्याचं निम्मं बोलणं कळेल. मळलेली वाट म्हणजे पायांनी तुडवून स्वच्छ झालेली. राबती वाट म्हणजे आजही लोक वापरतात ती. मोडलेली वाट म्हणजे पूर्वी होती, आता मध्येच तुटली आहे. बुजलेली वाट म्हणजे गवता-कारवीत हरवलेली, पण जमिनीवर अजून शिल्लक असेल अशी. मोडलेली आणि बुजलेली यांत मोठा फरक आहे. बुजलेली वाट कोयता घेतलेला माणूस सोबत असला तर काढता येते, मोडलेल्या वाटेवर परत फिरावं लागतं. दोन्हींना 'वाट नाही' असंच सांगतात, म्हणून पुढचा प्रश्न विचारा: "मोडली आहे की बुजली आहे?"

आणि ढोरवाट. नवख्यांना सर्वांत जास्त हीच चकवते, कारण ती मळलेली असते. गुरांच्या पायांनी पक्की झालेली, रुंद, चढायलाही सोपी. पण तिचं काम गडावर नेण्याचं नाही, गवताकडे आणि पाण्याकडे नेण्याचं आहे. ती थोड्या अंतराने फुटत जाते, एकीच्या चार होतात आणि मग गवतात विरून जाते. ओळखायची खूण सांगतो. खाली बघू नका, वर बघा. गुरं आपल्या उंचीपुरतीच झाडी मोडतात, त्यामुळे ढोरवाटेवर फांद्या आणि करवंदाच्या जाळ्या तुमच्या तोंडावर येतात. माणसांच्या वाटेवर डोक्याच्या उंचीला कोयत्याने तोडलेल्या फांद्यांची जुनी टोकं दिसतात.

क्रियापदं तितकीच महत्त्वाची. वाट फुटते म्हणजे एकीच्या दोन होतात. वाट मिळते म्हणजे दुसरी येऊन जुळते. वाट अंगावर येते म्हणजे एकदम उभी होते, त्यालाच छातीवरचा चढ म्हणतात. वाट आडवी जाते म्हणजे उंची न बदलता डोंगराच्या पोटाने जाते. ट्रेकर ज्याला ट्रॅव्हर्स मारणं म्हणतात ते हेच. वाट कड्याला भिडते म्हणजे समोर कडा आला, आता एकतर टप्पा चढायचा किंवा वळसा घ्यायचा. "ओढा डावा घालून जा" म्हणजे ओढा तुमच्या डाव्या हाताला राहील असं चाला. हे ऐकताना माझी सुरुवातीला गल्लत व्हायची, मी डावीकडे वळायचो. 'घालून' आणि 'वळून' यांतला फरक वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

तिसरी पायरी : पायाखाली काय आहे

इथे फार शब्द नाहीत, पण प्रत्येक शब्दावर पाय टाकण्याची रीत बदलते.

घसारा म्हणजे उतारावरची सुटी माती आणि बारीक खडे. चढताना त्रास देतो, उतरताना पाडतो. पावसाळा संपून जमीन वाळली की घसारा सुरू होतो आणि मेपर्यंत वाढतच जातो. वाळकं गवत अंथरलेला उतारही तितकाच सरकतो, त्याला कोणी घसारा म्हणत नाही, पण विचारताना दोन्ही विचारा. घसाऱ्यावर टाच रुतवत, पाय आडवे टाकत उतरायचं, आणि दोन माणसांनी एकमेकांच्या सरळ खाली राहायचं नाही.

कातळ म्हणजे सलग खडक. कोरड्या कातळावर बूट छान धरतो, शेवाळलेल्या कातळावर मुळीच नाही. कातळाची जी छोटी चढाई हात लावून करावी लागते तिला कातळटप्पा म्हणतात, बोलताना सगळे रॉक पॅच म्हणतात, दोन्ही चालतं. टप्प्यात हातापायांसाठी कोरलेल्या किंवा झिजून झालेल्या जागा म्हणजे खोबण्या. "खोबण्या आहेत का?" याचं उत्तर हो आलं तर टप्पा पुष्कळ सोपा होतो.

मराठी डोंगरभटक्यांनी घडवलेला एक शब्द मला फार नेमका वाटतो: दृष्टिभय. वाट पायाला सोपी आहे, दोन फूट रुंद आहे, पण एका बाजूला खोल दरी आहे आणि ती बघून पाय कापतात. ती भीती बघण्यातून येते, म्हणून दृष्टिभय. इंग्रजीतला एक्सपोजर उघड्या जागेबद्दल सांगतो, हा शब्द माणसाबद्दल सांगतो. वाटेचं वर्णन लिहिताना 'चढ सोपा, दृष्टिभय आहे' एवढं लिहिलंत तर वाचणाऱ्याला आपल्याबरोबर कोणाला न्यायचं आणि कोणाला नाही हे ठरवता येतं.

पायाने दगड सुटला की सभ्यपणे काही सांगत बसायचं नाही, "दगड! दगड!" असं खणखणीत ओरडायचं. खालच्याने वर बघायचं नाही, कड्याला चिकटायचं.

चौथी पायरी : पाण्याचे शब्द, आणि पाण्याचं पंचांग

गडावर कातळात खोदलेलं पाण्याचं कुंड म्हणजे टाकं. आत खांब सोडून खोदलं असेल तर खांबटाकं. त्याचं पाणी सावलीत राहतं म्हणून थंड असतं आणि उशिरापर्यंत टिकतं. ज्या टाक्यात कातळातून सतत पाझर येतो त्याला जिवंत पाणी आहे असं म्हणतात. नुसत्या पावसाने भरलेलं टाकं आणि जिवंत टाकं यांत मार्चनंतर जमीन-अस्मानाचा फरक पडतो. खाली जंगलात झरा, ओढा, ओढ्यातला खोल डोह. कोकणात डोहाला काही ठिकाणी कोंड म्हणतात. नदीच्या कातळात पाण्याने फिरणाऱ्या दगडांनी कोरलेले खड्डे म्हणजे रांजणखळगे, निघोजला कुकडी नदीतले प्रसिद्ध आहेत. त्यात साचलेलं पाणी पिण्यासाठी धरू नका.

हे शब्द एका बैठकीत येतात. वेळ लागतो तो उत्तरं समजून घ्यायला. "पाणी कधीपर्यंत असतं?" असं विचारलं की मार्च-एप्रिल असं उत्तर क्वचितच मिळतं. उत्तर मिळतं "शिमग्यापर्यंत", "पाडव्यापर्यंत", "अक्षय तृतीयेपर्यंत". शिमगा म्हणजे फाल्गुन पौर्णिमा, साधारण मार्च. पाडवा त्यानंतर पंधरवड्याने. अक्षय तृतीया एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये. ट्रेकच्या तारखेशेजारी त्या महिन्याचे सण लिहून ठेवण्याची सवय लावा, पाण्याचा हिशोब तिथल्या तिथे होतो. खोलीही अशीच सांगतात, पुरुषभर पाणी, कमरेएवढं पाणी. आणि वेळ: झुंजूमुंजू म्हणजे उजाडता उजाडता, दिवस कासराभर वर आल्यावर म्हणजे सकाळी ऊन थोडं वर चढल्यावर, दिवस कलल्यावर, तिन्हीसांजेला. "दिवस कलायच्या आत खिंड ओलांडा" हा सल्ला साडेतीन-चारच्या आधीचा आहे, सूर्यास्ताच्या आधीचा नाही.

पाचवी पायरी : गडावरचे शब्द

यासाठी एकच गड पुरतो, राजगड. एका दिवसात सगळी शब्दसंपत्ती डोळ्यांसमोर येते. मुख्य डोंगराच्या सर्वांत उंच भागावरचा स्वतंत्र किल्ला म्हणजे बालेकिल्ला. त्याच्या खाली डोंगराच्या सोंडांवर बांधून काढलेले सपाट भाग म्हणजे माच्या. राजगडाला तीन आहेत, पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी. संजीवनी माचीवर बुरुजाला बाहेरून दुसऱ्या भिंतीचं आवरण आहे, त्याला चिलखती बुरूज म्हणतात. तटावरून चालायची जागा फांजी, तटातली मारा करायची भोकं जंग्या, दरवाजाच्या आतल्या पहारेकऱ्यांच्या खोल्या देवड्या, पडलेल्या वाड्याचा शिल्लक चौथरा म्हणजे जोतं.

वाट शोधायला यातला खरा उपयोगी शब्द मात्र वेगळाच आहे: मेट. गडाच्या वाटेवर, पायथा आणि दरवाजा यांच्या मध्ये असलेली चौकीची जागा. जिथे मेट तिथे जुनी वाट जात होती हे नक्की. वासोट्याच्या पायथ्याला मेट इंदवली आहे, त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर मेटघर किल्ला नावाचं गाव आहे. जंगलात घरांची जोती आणि एखादं उघड्यावरचं देवस्थान दिसलं की आपण बरोबर वाटेवर असण्याची शक्यता वाढते.

सामानाचे आणि दोराचे शब्द

यावर मी वेळ घालवणार नाही. सॅक, कॅरीमॅट, स्लीपिंग बॅग, हेडटॉर्च, रेनकव्हर हे शब्द सगळे मराठी ट्रेकर असेच म्हणतात. सॅकला पाठपिशवी म्हणायचा आग्रह धरला तर दुकानदारालाही कळणार नाही. सर्वांत पुढे चालणारा लीड, सर्वांत मागे राहून कोणी सुटत नाही ना हे बघणारा टेल. शिधा म्हणजे बरोबर न्यायचं धान्य आणि सामान, कोरडा शिधा म्हणजे न शिजवता खाता येईल ते. एका रांगेतले दोन-तीन गड किंवा घाट जोडून, पाठीवर बिऱ्हाड घेऊन केलेल्या अनेक दिवसांच्या चालीला रेंज ट्रेक म्हणतात. हार्नेस, कॅरॅबिनर, बिले, रॅपलिंग हे शब्द वाचून शिकू नका. ते गिर्यारोहण संस्थेच्या शिबिरात, हातात दोर घेऊन, शिकवणाऱ्यासमोर शिका. अर्धवट कळलेला शब्द तिथे जिवावर बेततो.

सहावी पायरी : विचारायचं कसं

शब्द आले तरी विचारायची रीत आली नाही तर उपयोग नाही. पायथ्याच्या गावात शिरल्यावर पहिल्यांदा राम राम. वयाने मोठा पुरुष मामा किंवा बाबा, बाई मावशी किंवा आजी, आपल्या बरोबरीचा दादा किंवा ताई. आधी विचारपूस, मग वाट.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उत्तर प्रश्नातच घालणं. "मामा, ही वाट गडावर जाते ना?" याला बहुतेकदा "हो" येतं, कारण पाहुण्याला नाही म्हणणं बरं दिसत नाही, आणि शेवटी फिरून फिरून ती जातही असेल. त्याऐवजी मोकळं विचारा: "मामा, गडावर कुठून जायचं?" मग ते हात करतील. हाताकडे नीट बघा. बोलण्यात 'वरच्या अंगाला', 'खालच्या अंगाला' येईल, उजवी-डावी क्वचितच येईल. डोंगरात वर आणि खाली या दिशा पक्क्या असतात, उजवी-डावी तोंड फिरवलं की बदलते.

मी विचारतो ते प्रश्न असे:

"वाट राबती आहे का? शेवटचं कोण कधी गेलं होतं?"

"गुरं कुठवर जातात?" गुरं जातात तिथपर्यंत कातळटप्पा नाही, हे यातून कळतं.

"देवाला म्हातारी माणसं जातात का या वाटेने?" एका प्रश्नात चढ, घसारा आणि दृष्टिभय तिन्हींचं उत्तर येतं. गडावर देवी असेल आणि जत्रेला आज्या चालत जात असतील, तर वाट चांगली.

"आडवं किती जायचं आणि चढायचं कुठून?" पदर आणि सोंड यांचा हिशोब यात आहे.

"चुकतात ते कुठे चुकतात?" हा माझा सर्वांत आवडता प्रश्न. सगळ्यांना ती जागा माहीत असते, विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

अंतर विचारू नका, वेळ विचारा, आणि कोणाची वेळ तेही विचारा: "तुम्हाला किती लागतो, आम्हाला किती लागेल?" मोळी घेऊन रोज चढणारा माणूस ज्याला अर्धा तास म्हणतो तो आपला सव्वा तास असतो. आणि सांगितलेलं त्यांच्यासमोर एकदा परत म्हणून दाखवा, त्यांच्याच शब्दांत: "म्हणजे ओढा डावा घालून पदरात जायचं, वडापाशी वाट फुटते, वरची धरायची." चूक असेल तर ते तिथेच दुरुस्त करतात. खांडसच्या त्या आजोबांसमोर आम्ही एवढं केलं असतं तरी पुरे होतं.

शंका असेल तर गावातला माणूस वाटाड्या म्हणून घ्या आणि योग्य मोबदला आधी ठरवून द्या. शब्द शिकायला यापेक्षा चांगली शाळा नाही. चालताना प्रत्येक झाडाचं, खडकाचं, ओढ्याचं नाव विचारत राहा. ही माणसं कंटाळत नाहीत, उलट कोणी विचारलं म्हणून खुलतात.

सातवी पायरी : वही आणि नकाशा

प्रत्येक ट्रेकनंतर त्याच रात्री दहा ओळींत वाट लिहून काढा. नियम एकच: 'मग पुढे गेलो' हे वाक्य वापरायचं नाही. प्रत्येक ओळीत डोंगराचा एक शब्द आणि वाटेचं एक क्रियापद हवं. नमुना देतो: "वाडीच्या वरच्या अंगाला वाट चढणीला लागते. पाऊण तासात सोंडेवर येतो. सोंडेवर दोन वाटा फुटतात, डावी ढोरवाट आहे. उजवी पदरात शिरून आडवी जाते, वाटेत बारमाही झरा. पदर संपल्यावर नाळ, सुरुवातीला घसारा, वर हलते धोंडे. शेवटी पुरुषभर उंच कातळटप्पा, खोबण्या आहेत, दृष्टिभय नाही." हे वाचून अनोळखी माणूस जाऊन येईल.

दुसरा सराव नकाशाचा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशावर समोच्च रेषा सहसा २० मीटरच्या अंतराने असतात. पहिल्या पायरीत काढलेलं चित्र आता वरून बघायचं. रेषा एकमेकींना चिकटल्या की कडा, सैल झाल्या की पदर किंवा पठार. रेषांचं टोक चढाकडे गेलं असेल तर ती घळ किंवा नाळ, उताराकडे आलं असेल तर सोंड. दोन बंद वर्तुळांच्या मधली चिंचोळी जागा म्हणजे खिंड. ओळखीच्या गडापासून सुरुवात करा, म्हणजे चूक लगेच कळते.

अडचणीत सापडल्यावर बोलायचे शब्द

मदतीसाठी ११२ लावा. रेंज मिळेल तेव्हा मोजकी वाक्यं बोलता येतील, म्हणून ती आधी जुळवा. क्रम असा ठेवा: पायथ्याचं गाव आणि तालुका, कोणत्या वाटेने गेलो, आता डोंगराच्या कोणत्या भागावर आहोत, काय झालं आहे, किती जण, पाणी किती. "आम्ही जंगलात आहोत" याने कोणी पोहोचत नाही. "नाळेच्या वरच्या तोंडापासून अर्धा तास खाली, उतरताना डाव्या हाताच्या कड्याला, मोठ्या धोंड्याजवळ" याने पोहोचतात. उजवी-डावी सांगताना 'चढताना' की 'उतरताना' हे जोडल्याशिवाय सांगू नका. गावात ओळख झालेल्या माणसाचा नंबर असेल तर त्यालाही कळवा, बाहेरची मदत पोहोचण्याआधी पहिला माणूस बहुतेक वेळा गावातूनच येतो. सांगून झालं की जागा सोडू नका.

हिमालयात जाताना वहीचं नवं पान

सह्याद्रीत तयार झालेले अनेक जण पुढे गढवाल, हिमाचल, लडाखला जातात. तिथे आपले शब्द पुरत नाहीत. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, आणि विरळ हवेचा त्रास साधारण २५०० मीटरच्या पुढे सुरू होतो. त्यामुळे उंचीच्या त्रासाला आपल्याकडे जुना शब्दच नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे स्पष्ट बोलून दाखवायचं, 'दमलो' या शब्दाखाली झाकायचं नाही. दमलेल्याला थांबून बरं वाटतं, उंची लागलेल्याला खाली उतरवावं लागतं.

बाकी तिथेही नावंच वाट सांगतात. गढवालातलं डोंगरावरचं कुरण म्हणजे बुग्याल, हिमाचलात थाच. लडाखी 'ला' म्हणजेच खिंड, त्यामुळे खारदुंग ला म्हटलं की पुढे 'पास' लावायची गरज नाही. चंबा भागात खिंडीला जोत म्हणतात, कुमाऊंत धुरा. गढवालातली हिमनदी म्हणजे बामक. गाईड, घोडेवाले आणि मेंढपाळ यांना आपल्या सहाव्या पायरीतलेच प्रश्न हिंदीत विचारा आणि मिळालेले शब्द तिथल्या तिथे लिहा. धार हा शब्द मात्र नव्याने लिहावा लागणार नाही. धर्मशाळेच्या मागे उभ्या असलेल्या धौलाधारच्या नावात तो आहे, आणि अर्थही तोच.